अमर्नाची मातीची पत्रं: भाषा वेगळ्या असताना शेजारी राजे एकमेकांना लिहायचे कसे?

अंगणवेळ

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे लंडनला गेले होते. ब्रिटिश म्युझियममध्ये तळहाताएवढी एक मातीची पाटी पाहिली आणि तिच्यापुढून पाय निघेना. त्यावर खिळे टोचल्यासारखी बारीक अक्षरं. ओळी पाटीच्या कडेवरूनही वळून मागे गेलेल्या, कागद संपला की आपण समासात लिहितो तशा. उत्तर सीरियाकडच्या मितान्नी राज्याचा राजा तुश्रत्त याने इजिप्तचा फॅरो तिसरा आमेनहोतेप याला पाठवलेलं हे पत्र आहे. म्हणजे साधारण ३,३५० वर्षांपूर्वीचं. मजकूर असा की, निनवेच्या देवीला तुमच्या देशात यायचं आहे, तिला पाठवतो आहे, तिचा मान ठेवा आणि आनंदाने परत पाठवा.

मागच्या बाजूचा फोटो लेकीने मोबाइलवर काढून दाखवला. तिथे काळ्या शाईत तीन ओळी आहेत, अगदी वेगळ्या वळणाच्या. त्या इजिप्तच्या कारकुनाने लिहिल्यात. राज्याचं ३६ वं वर्ष, अमुक महिना, पहिला दिवस, राजा तेव्हा दक्षिणेकडच्या महालात होता. मी २८ वर्षं सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळलं आहे. पत्र हातात आलं की आधी तारीख, मग क्रमांक, मग ते कुणाकडे गेलं. त्या तीन ओळी पाहून अंगावर काटा आला. हा माझ्याच टेबलावरचा माणूस!

घरी येऊन मिळेल ते वाचलं. १८८७ मध्ये इजिप्तमधल्या अमर्ना इथे या पाट्या सापडल्या, आज ३८२ माहीत आहेत, बहुतेक पत्रंच. गंमत म्हणजे बहुतेक पत्रांची भाषा इजिप्तची नाही, मितान्नीचीही नाही. बाबिलोनकडची, म्हणजे आजच्या इराकमधली, अक्कडी भाषा आहे. मग प्रश्न पडला तो विचारते. एकमेकांची बोली न कळणारे हे शेजारी एकमेकांना लिहायचे कसे? आणि या लिहिण्यातून सोनं आणि घोडे सोडून आणखी काय इकडून तिकडे गेलं? जाणकारांनी सांगावं.

नदीकाठी

ताई, आवक-जावकचं वाचून मीही दोनदा फोटो शोधला. खरंच शाई दिसते. वाचतोय, येऊ द्या.

खापरखुंट

चांगला धागा. माझा वाचनाचा विषय असल्याने जरा सविस्तर लिहितो.

त्या काळी पाच-सहा राजे स्वतःला ‘थोर राजा’ म्हणवायचे: इजिप्त, बाबिलोन, मितान्नी, हित्ती (आजच्या तुर्कस्तानातले), पुढे असिरिया (उत्तर इराकमधलं). अलाशियाचा म्हणजे सायप्रसचा राजाही बरोबरीच्या नात्याने लिहायचा. हे एकमेकांना ‘भाऊ’ म्हणत. कनानमधले (आजच्या इस्रायल-लेबनॉनच्या पट्ट्यातले) छोटे राजे मात्र फॅरोला ‘माझा सूर्य’ म्हणत आणि ‘तुमच्या पायाशी सात वेळा आणि सात वेळा पडतो’ असं लिहीत. पत्र उघडताक्षणी कोण कुठल्या पायरीवर उभा आहे ते कळायचं.

अक्कडी सगळ्यांनी का स्वीकारली? बाबिलोनचं सैन्य तिथे पोचलं म्हणून नव्हे. कीलाक्षर, म्हणजे ताईंनी पाहिलेली ती खिळ्यांसारखी लिपी शिकायची शाळा अक्कडीतच होती म्हणून. लिपी हवी असेल तर तिच्याबरोबर भाषा येते, शब्दांच्या याद्या येतात, कित्त्याची वाक्यं येतात, कथा येतात. आणि फॅरोसुद्धा बाहेर लिहिताना बहुतेक वेळा अक्कडीतच लिहायचा. इतका थोर देश, स्वतःची एवढी जुनी चित्रलिपी, तरी शेजाऱ्याच्या लिपीत लिहिणारे लेखनिक त्याने पदरी ठेवले होते. अमर्नाला एक इमारत सापडली, तिच्या विटांवर शिक्का आहे: ‘फॅरोच्या पत्रांची जागा’. तुमचंच ऑफिस ते.

दुपारचा_चहा

सोन्यावरून झालेली भांडणं कुणीतरी लिहा ना! बरं, मीच लिहितो.

असिरियाचा राजा लिहितो, तुमच्या देशात सोनं म्हणजे धूळ, नुसतं उचलायचं, मग मला पाठवताना हात आखडता का? तुश्रत्तही तेच म्हणतो. बाबिलोनचा बुर्नाबुरियाश तर हिशेबच मांडतो: तुम्ही पाठवलेलं २० मिना (मिना हे तिकडचं वजनाचं माप) सोनं भट्टीत घातलं, ५ मिनासुद्धा निघालं नाही. लग्नाच्या याद्या करताना आमच्या आत्या वजनकाट्यावर असंच बोलतात.

त्याच राजाचं दुसरं पत्र मला जास्त आवडतं. तो आजारी होता आणि फॅरोने साधी विचारपूस केली नाही म्हणून रुसला. इजिप्तचा दूत म्हणाला, महाराज, देश लांब आहे, तुमच्या आजाराची बातमी तिकडे पोचली तरी असेल का? राजाचा विश्वास बसेना. त्याने आपल्याच दूताला बोलावून विचारलं, खरंच लांब आहे का रे? तो म्हणाला, हो, लांब आहे. तेव्हा कुठे राग गेला. आणि हे सगळं त्याने पत्रात जसंच्या तसं लिहून टाकलं आहे. थोर राजा, पण शेजारी किती लांब राहतो हे त्याला नोकराकडून कळलं.

सातमजली

दूतांचे हाल वाचवत नाहीत. असिरियाचा अश्शुर-उबल्लित लिहितो की माझ्या दूतांना उन्हात का उभं ठेवता? उन्हात उभं राहिल्याने राजाचा काही फायदा होत असेल तर राहू दे उभा, तिथेच मरू दे. पण फायदा नसेल तर त्यांनी उन्हात का मरावं?

मी बारा वर्षं कुरिअरच्या धंद्यात होतो. मोठ्या गेटबाहेर, सावली नाही, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणून तासन्‌तास उभं राहिलोय. माझ्यासाठी एवढ्या ताकदीने कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. तो राजा मला आवडला.

अंगणवेळ

@सातमजली, तुमचा प्रतिसाद वाचून थांबले जरा. असेच अनुभव लिहा सगळ्यांनी.

@खापरखुंट, लिपीबरोबर कथा येतात म्हणालात, त्यावर अजून लिहाल का? माझ्या प्रश्नाचा दुसरा भाग तोच आहे.

ऋचा_वाचक

मितान्नीचं नाव निघालं म्हणून लिहिते. १९०६ पासून तुर्कस्तानात बोगाझकोय इथे, म्हणजे हित्तींच्या हत्तुशा राजधानीत, उत्खनन सुरू झालं. तिथे मितान्नी आणि हित्ती यांच्यातला तह सापडला. तहाला साक्षी म्हणून ज्या देवांची नावं आहेत त्यात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य आहेत! ऋग्वेदातले देव, तेही इ.स.पू. १४ व्या शतकात, सीरियाच्या उत्तरेला. शिवाय तुश्रत्त हे नाव अभ्यासक ‘त्वेषरथ’ असं लावतात. किक्कुली नावाच्या मितान्नी माणसाने घोडे तयार करण्याची पद्धत लिहून ठेवली, त्यात ‘ऐकवर्तन्न’, ‘तेरवर्तन्न’, ‘पंझवर्तन्न’, ‘सत्तवर्तन्न’ असे शब्द आहेत: एक फेरी, तीन, पाच, सात. म्हणजे अंगणवेळ ताईंनी पाहिलेलं पत्र आपल्याच लोकांनी लिहिलं, असंच म्हणायला हवं.

खापरखुंट

@ऋचा_वाचक, तुम्ही दिलेली माहिती सगळी बरोबर. शेवटचं वाक्य मात्र मला पटत नाही.

मितान्नीच्या लोकांची बोली हुर्री होती. संस्कृतशी तिचं काही नातं नाही. तुश्रत्तचंच एक लांबलचक पत्र, जवळजवळ ५०० ओळींचं, हुर्रीत आहे. ती भाषा आपल्याला कळते ती मुख्यतः त्या पत्रामुळे. राजांची नावं, काही देव आणि घोड्यांचे शब्द इंडो-आर्य आहेत, एवढं नक्की. तुमच्या तहातही मित्र-वरुण हे देवांच्या भल्या मोठ्या यादीतले चार आहेत. आधी आणि नंतर हुर्री वादळदेव आहे, नद्या-डोंगर आहेत.

आणि तो किक्कुलीचा मजकूर पाहा. बोली हुर्री असलेला माणूस, शब्द इंडो-आर्य, ग्रंथ हित्ती भाषेत, लिपी बाबिलोनची. चार लोकांचं ज्ञान एका पाटीवर आलं आहे. हा कुणा एकाचा म्हणायचा कसा? मला तर तो कुणा एकाचा नाही यातच त्याचं मोल वाटतं.

ऋचा_वाचक

‘आपल्याच लोकांनी’ हे मी भारावून लिहिलं, मागे घेते. पण ‘पंझ’ आणि ‘सत्त’ वाचताना जो आनंद झाला तो खराच. माझ्या आजोबांच्या तोंडी सात हा आकडा ‘सत्ते पे सत्ता’ खेळतानाच यायचा, तो एकदम हित्ती तबेल्यात दिसला.

कोर्टातला_दुभाषी

मी काही वर्षं न्यायालयात कन्नड-मराठी दुभाषाचं काम करतो. वर बऱ्याच जणांनी राजांबद्दल लिहिलं, दूतांबद्दल लिहिलं. मला मधल्या माणसाबद्दल लिहायचं आहे.

तुश्रत्तच्या एका पत्रात इजिप्तचा दूत माने आणि त्याच्याबरोबरचा दुभाषा हाने या दोघांचं नाव घेऊन कौतुक आहे, त्यांना मी देवासारखं मानलं म्हणून. दुभाषाचं नाव! आमच्याकडे निकालपत्रात वकिलांची नावं असतात, साक्षीदारांची असतात, दुभाषाचं नसतं. हाने म्हणजे कोण, कुठला, काही कळत नाही, पण नाव राहिलं.

अक्कडीत दुभाषाला ‘तर्गुमन्नु’ म्हणत. त्याही आधी, इ.स.पू. १९०० च्या आसपास अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, व्यापार करणारे असिरियाचे व्यापारी हा शब्द वापरत होते. तो पुढे अरामी भाषेत गेला, अरबीत ‘तर्जुमान’ झाला, ‘तर्जुमा’ झाला. आणि आमच्या कोर्टातले जुने कारकून अजूनही म्हणतात, ‘कागदाचा तर्जुमा जोडा.’ मी हा शब्द रोज ऐकतो. फारसी आहे असं वाटायचं. जवळपास ४,००० वर्षं तो दुभाषांच्याच तोंडून चालत आला आहे हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

नदीकाठी

+१. हा प्रतिसाद जपून ठेवतो.

शब्दवेडी

दुभाषी, आता माझ्याकडचा एक शब्द घ्या. सुमेरी, म्हणजे इराकमधल्या अक्कडीच्याही आधीच्या भाषेत मातीच्या पाटीला ‘दुब’. अक्कडीत तो ‘तुप्पु’ झाला. शेजारच्या एलामी लोकांनी तो घेतला, त्यांच्याकडून प्राचीन पारशीकांनी. पारशीक सम्राट दारयवहुने इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर लेख कोरला त्यात शब्द आहे ‘दिपि’, म्हणजे लेख. त्यावरून लिहिणाऱ्याला फारसीत ‘दबीर’. आणि दबीर म्हणजे आपला डबीर!

शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत परराज्यांचा व्यवहार पाहणारा तो डबीर. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी पदांना संस्कृत नावं दिली तेव्हा डबीरचा सुमंत झाला. म्हणजे परराज्यांशी पत्रव्यवहार पाहणाऱ्या मंत्र्याचं आपल्याकडचं नाव मूळ सुमेरच्या मातीच्या पाटीवरून आलेलं होतं. अंगणवेळ ताईंनी लंडनला पाहिली तीही ‘तुप्पु’च.

‘लिपी’ हा आपला शब्दही याच ‘दिपि’वरून आला असं बरेच अभ्यासक मानतात. अशोकाच्या शाहबाजगढीच्या शिलालेखात ‘धम्मलिपी’ऐवजी ‘ध्रमदिपि’ असंच कोरलं आहे.

पाणिनीय

शब्दवेडी, डबीरबद्दल हरकत नाही. लिपीबद्दल आहे. ‘लिप्’ म्हणजे सारवणे, माखणे, हा धातू आपल्याकडे आहे. भिंत लिंपणे म्हणतोच की आपण. भूर्जपत्रावर शाई माखली ती लिपी. हा सरळ अर्थ सोडून एलामपर्यंत कशाला जायचं?

शब्दवेडी

मलाही आधी तसंच वाटायचं. पण पाणिनीचंच सूत्र पाहा (३.२.२१). त्यात ‘लिपि’ आणि ‘लिबि’ असे दोन्ही शब्द शेजारीशेजारी दिले आहेत. शब्द घरचा, धातूपासून बनलेला असता तर प-ब असा घोळ का झाला असता? बाहेरून कानावर आलेल्या शब्दाचे असे दोन उच्चार होतात. आणि पाणिनी गांधारचा, जिथे पारशीकांचं राज्य होतं, कचेरीची भाषा अरामी होती. ‘दिपि’ आली आणि आपल्या ‘लिप्’ने तिला घरात घेतलं, असं मला वाटतं. दोन्ही खरं असायला काय हरकत आहे?

पाणिनीय

‘लिबि’चा मुद्दा वजनदार आहे. पूर्ण पटलं असं म्हणत नाही, पण सूत्र पुन्हा काढून बसतो.

गोदातीर

माझं आजोळ डबीरांचं. आजोबा गावात कुणाचंही पत्र लिहून देत, मनिऑर्डरचा फॉर्म भरून देत, मुंबईहून आलेली पत्रं वाचून दाखवत. पत्र वाचताना ते आवाज बदलायचे नाहीत. वाईट बातमी असली तरी आधी ‘सा. न. वि. वि.’ पूर्ण वाचायचे, मग थांबायचे, समोरच्याला बसायला सांगायचे, आणि मग पुढचं. आडनावाचा अर्थ त्यांना ठाऊक होता की नाही कोण जाणे. ही माहिती मामाला पाठवली आहे.

दुपारचा_चहा

धागा गंभीर झालाय, थोडं हलकं लिहू?

इजिप्त आणि हित्ती यांच्यात कादेशला झालेल्या लढाईनंतर साधारण १५ वर्षांनी, इ.स.पू. १२५९ च्या सुमारास, दुसरा रामसेस आणि हित्ती राजा तिसरा हत्तुशिली यांनी तह केला. मग दोन्ही घरांत पत्रांचा पूर. रामसेसच्या राणीने, नेफरतारीने, हित्ती राणी पुदुहेपाला ‘बहीण’ म्हणून पत्र लिहिलं. पुढे हत्तुशिलीने विचारलं, माझ्या बहिणीला मूल व्हावं म्हणून तुमचा वैद्य पाठवाल का? इजिप्तच्या वैद्यांचं तेवढं नाव होतं. रामसेसने उत्तर धाडलं: तुमची बहीण मला ठाऊक आहे. ती पन्नाशीची? छे, साठीची आहे! या वयात मूल व्हायचं औषध कुणाला करता येत नाही. तरी वैद्य पाठवतो.

भावाने वय सांगितलं नव्हतं, पाहुण्याने सांगितलं. आमच्या घरी एवढ्यावरून दोन दिवाळ्या अबोला चालला असता!

सातमजली

हाहा! पण वैद्य पाठवला ना शेवटी. शेजारी म्हणजे असाच हवा.

खापरखुंट

या तहाचे दोन्ही मजकूर आपल्याकडे आहेत म्हणून तो मोलाचा. मूळ चांदीच्या पत्र्यांवर होता, ते पत्रे गेले. अक्कडी मजकूर हत्तुशाला मातीच्या पाट्यांवर मिळाला, इजिप्तचा कर्नाकच्या भिंतीवर कोरलेला आहे. अटी जवळपास सारख्या: एकमेकांवर चाल करायची नाही, तिसऱ्याने चाल केली तर मदतीला जायचं, पळून आलेली माणसं परत द्यायची. फरक आहे तो प्रस्तावनेत. इजिप्तच्या भिंतीवर हित्तींचे दूत शांतता मागायला आले असं आहे. घरच्या लोकांना वाचायला घरचा सूर.

त्याची प्रतिकृती १९७० मध्ये तुर्कस्तानने संयुक्त राष्ट्रांना दिली, न्यूयॉर्कला लावलेली आहे.

नदीकाठी

पण मग एकमेकांना कळलं कितपत, हा प्रश्न उरतोच. फॅरोला रिब-हद्दाचं कधी कळलं का? लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या बिब्लोसचा हा छोटा राजा. त्याची साठाहून जास्त पत्रं आहेत: धान्य नाही, पिंजऱ्यात सापडलेल्या पाखरासारखा झालोय, धनुर्धारी पाठवा. आणि फॅरोचं उत्तर काय, तर तू एकटाच इतकी पत्रं का लिहितोस! शेवटी त्याला त्याच्याच भावाने शहराबाहेर काढलं. पत्रं पोचली, तारीख पडली, दप्तरात लागली, मदत गेली नाही. ताई, तुमच्या आवक शिक्क्यावर माझा राग नाही, पण हेही त्याच दप्तरात आहे.

अंगणवेळ

राग असला तरी चालेल. मीही अशी पत्रं पाहिली आहेत. एक बाई दर महिन्याला वारसनोंदीसाठी अर्ज द्यायची, अक्षर हळूहळू बिघडत गेलेलं. मी नोंद करून वर पाठवायचे. तिसऱ्या वर्षी अर्ज यायचे थांबले. रिब-हद्दाचं वाचलं तेव्हा मला तिचीच आठवण झाली.

शब्दवेडी

रिब-हद्दा आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या पत्रांत भाषेची फार मोठी गोष्ट दडली आहे. हे कनानचे लेखनिक शब्द अक्कडी वापरत, पण वाक्याची ठेवण आपल्या बोलीची. कधी अक्कडी शब्दापुढे एक तिरकी खूण करून तोच शब्द कनानी बोलीत लिहीत, समोरच्याला नीट कळावं म्हणून. हिब्रूच्या आधीची तिथली बोली कशी होती ते आपल्याला बरंचसं या खुणांमुळे कळतं.

शेखेमचा लबाया तर फॅरोला म्हणच ऐकवतो: मुंगीला मारलं तर तीसुद्धा गप्प बसत नाही, मारणाऱ्याचा हात चावते. परक्या भाषेत लिहायला बसलेला माणूस रागावला की आपल्या आजीच्या भाषेत बोलतो.

मातीकाम

मी कुंभारकाम शिकवतो, त्यामुळे एक माहितीची भर. काही अभ्यासकांनी या पाट्यांच्या मातीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. पत्र कुठल्या गावचं हे अक्षरांवरून ठरत नसेल तर मातीत मिसळलेल्या दगडाच्या कणांवरून ठरवता येतं. अलाशिया म्हणजे सायप्रसच का, यावर खूप वाद होता. त्या पाट्यांची माती सायप्रसच्या त्रोओदोस डोंगराच्या पायथ्याची निघाली.

ओल्या मातीवर लिहिताना वेळ फार थोडा मिळतो. माती फार ओली असेल तर बोरूला चिकटते, सुकली की अक्षर उमटत नाही, कडा फुटतात. पाटीच्या कडेवरून ओळ वळवून नेणं हे सरावाच्या हाताचं काम. ताईंनी पाहिलेली पाटी एका बैठकीत लिहिली असणार.

खापरखुंट

आता मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो, ताईंनी केव्हाचं विचारलं आहे.

अमर्नाला पत्रांबरोबर तीसेक पाट्या अशा मिळाल्या ज्या पत्रं नाहीत. त्या शाळेच्या आहेत. शब्दांच्या याद्या, चिन्हांच्या याद्या. एका पाटीवर इजिप्तचे शब्द कीलाक्षरांत लिहून पुढे अक्कडी अर्थ दिले आहेत, म्हणजे द्विभाषी शब्दकोशच. आणि कथा: अक्कडच्या सर्गोनची, पाताळातल्या एरेश्किगल देवीची, आणि अदापाची. अदापा हा एरिदूचा शहाणा पुरुष. दक्षिण वाऱ्याने त्याची होडी उलटवली, त्याने रागाने वाऱ्याचा पंख मोडला. स्वर्गात जाब द्यायला बोलावलं. तिथे जीवनाची भाकरी आणि जीवनाचं पाणी पुढे केलं, पण त्याच्या देवाने आधीच सांगून ठेवलं होतं, ते मरणाचं अन्न आहे, घेऊ नकोस. त्याने घेतलं नाही आणि अमरपण हुकलं.

या पाटीवर लाल शाईचे ठिपके आहेत. शब्द कुठे संपतो ते कळावं म्हणून केलेल्या खुणा. इजिप्तमधला एखादा शिकाऊ लेखनिक बोट ठेवून ही परकी गोष्ट वाचत होता. त्याला पत्रं लिहायला शिकायचं होतं, आणि शिकता शिकता बाबिलोनच्या मरणाची कथा त्याच्या डोक्यात शिरली. गिलगामेशही असाच फिरला. हत्तुशाला तो अक्कडी, हित्ती आणि हुर्री अशा तिन्ही भाषांत सापडला, कनानमध्ये मेगिद्दोला त्याचा तुकडा मिळाला, उगारितलाही मिळाला. राजांनी एकमेकांना या कथा भेट म्हणून पाठवल्याचं कुठे दिसत नाही. माझं मत असं की त्या शाळेतून गेल्या, कित्ता गिरवणाऱ्या पोरांच्या हातून.

ऋचा_वाचक

लाल ठिपके! वेद शिकताना आम्ही पोथीवर लाल रेघांनी स्वर मारायचो. हे वाचून एकदम ती पोथी डोळ्यांपुढे आली.

कोर्टातला_दुभाषी

खापरखुंट, फार छान. एक गोष्ट मी इतके दिवस राखून ठेवली होती, ती आता सांगतो.

अनातोलियाच्या पश्चिमेला आर्झावा नावाचं राज्य होतं. त्यांची आणि फॅरोची दोन पत्रं अमर्नात मिळाली, ती अक्कडीत नाहीत, हित्ती भाषेत आहेत. १९०२ मध्ये क्नुत्सोन या नॉर्वेच्या अभ्यासकाने म्हटलं की ही भाषा संस्कृत-ग्रीकच्या कुळातली दिसते. कुणी मानलं नाही. १९१५ मध्ये चेक अभ्यासक ह्रोझ्नीने हत्तुशाच्या पाट्यांवरून तेच सिद्ध केलं.

त्यातल्या आर्झावाच्या पत्रात राजा म्हणतो, तुमचा दूत कल्बाया म्हणाला की आपण सोयरीक करू. पण माझा कल्बायावर विश्वास नाही. तो तोंडाने बोलला, पाटीवर तसं लिहिलेलं नाही. माझ्या कोर्टात रोज हेच वाक्य उच्चारलं जातं, ‘तोंडी नको, कागदावर आहे का?’

राजाचा मजकूर संपला की पाटीवर पुढे लेखनिकाने स्वतःच्या काही ओळी घातल्या आहेत. त्या दुसऱ्या राजासाठी नाहीत. तिकडे जो कोणी ही पाटी वाचेल त्या लेखनिकासाठी आहेत. ही पाटी वाचणाऱ्याला विद्येचा देव नबू राखो, असं आधी म्हणतो. मग: लेखनिका, मला नीट लिही, आणि खाली तुझं नाव घाल. आणि इकडे येणाऱ्या पाट्या नेहमी हित्तीतच लिहीत जा.

दोन राजे सोयरिकीचं बोलत आहेत आणि त्यांच्या पायाशी बसलेले दोघे लिहिणारे, एकमेकांना कधीही न भेटलेले, आपलं वेगळं बोलत आहेत. तुझं नाव घाल म्हणे. मला हाने आठवला, ताईंच्या शाईच्या तीन ओळी आठवल्या.

सातमजली

मग त्याने घातलं का नाव?

कोर्टातला_दुभाषी

या देवाणघेवाणीतली ती दोनच पत्रं सापडली आहेत.

अंगणवेळ

दुभाषी, ही पाटी कुठे आहे हो? पुढच्या वर्षी लेक बर्लिनला बदलून जाते आहे, लंडनला असेल तर त्याआधीच जाऊन पाहीन म्हणते.

कोर्टातला_दुभाषी

बर्लिनलाच आहे! अमर्नाच्या सर्वांत जास्त पाट्या तिथल्या संग्रहात आहेत, तुश्रत्तचं ते ५०० ओळींचं हुर्री पत्रसुद्धा.

खापरखुंट

ताई, पण निघण्याआधी संग्रहालयाला मेल करून विचारा. तो विभाग पेर्गामोन म्युझियममध्ये आहे आणि दुरुस्तीसाठी ती इमारत ऑक्टोबर २०२३ पासून बंद आहे. त्यांच्या संकेतस्थळावर चौकशीचा पत्ता आहे. मी मजकूर जर्मनमध्ये करून देतो, तुम्ही मराठीत लिहून पाठवा.

अंगणवेळ

आज रात्रीच लिहिते. तर्जुमा तुमचा, खाली नाव दोघांचं घालू.